गावाभायर

प्रिय ताई,

पत्र हातात आल्यावर तू आधी उलटून मागचं नाव बघशील आणि म्हणशील, हा मेला अजून आहे तर. आहे. दहावीच्या पेपरानंतर, म्हणजे दोन्ही वेळच्या पेपरांनंतर, मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तूच नीट करून घे, माझ्या वह्या तपासायचीस तसं. मांडीवर पाट घेऊन लिहितोय, अक्षर हलतंय त्याला मी काय करू. तुझा जुना नंबर लावून बघितला होता. तो आता एका हिंदी बोलणाऱ्या माणसाकडे आहे. टाइल्स बसवायची कामं करतो, बोलायला चांगला वाटला, दहा मिनिटं बोललो आम्ही. पण त्याला तुझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. म्हणून पत्र. कायतानकाका उद्या फोंडाघाटला जातायत, त्यांच्या अँजेलाला नाताळासाठी घरी आणायला. तेच हे तुझ्या हातात देतील. त्यांना चहा दे, आणि तुझं वाचून होईपर्यंत बसवून ठेव. का ते शेवटी कळेल.

घाबरू नकोस, बाबा आहेत. पण त्यांच्यासाठीच लिहितोय.

आपल्या आचऱ्याची गावपळण झाली, हे अँजेलाकडून कळलं असेल. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव शिवेबाहेर, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट, आणि चौथ्या दिवशी रामेश्वराचा कौल झाल्यावर माघारी. त्या कौलाला आज बारा दिवस झाले. मी माघारी आलो, सुगंधाकाकी आली, दत्ताराम आला, गुरं आली. बाबा आले असं मात्र मला म्हणता येत नाही. घराच्या ओट्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यांची ती पत्र्याची पेटी आठवते ना, एसटीत असतानाची, तिकिटांची? त्यात दोन धोतरं, एक पांढरा सदरा, दाढीचं सामान भरून त्यांनी पळणीला नेलं होतं. ती पेटी त्यांनी उघडलीच नाही. ओट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की मला विचारायचे, "कौल झालो काय रे खरो?" मी म्हणायचो, झालो बाबा, चार दिवस झाले. झालो बाबा, सहा दिवस झाले. मग ताटातलं अर्धं अन्न तसंच राहायचं.

आता सरळ पुढचं सांगायला हवं. पण मला सरळ जाता येत नाही, तुला माहीत आहे. दुकानावर मीठ आणायला धाडलंस तर मी बंदरावरून फिरून यायचो आणि मीठ विसरायचो. आज मीठ विसरणार नाही. फक्त जरा फिरून येतो.

तीन दिवस घर बंद राहिलं तर त्यात एवढं काय बिघडणार, असं आपल्याला वाटतं. सगळंच बिघडतं. कुलूप उघडलं आणि आत गेलो तर स्विचबोर्डात मुंग्यांनी घर केलेलं. बटण दाबलं की चर्र आवाज आणि जळक्या मुंग्यांचा वास. विहिरीवरचा पंप पाणी उचलेना, तासभर त्याच्या तोंडात तांब्यांनी पाणी ओतत बसलो. तांदळाच्या डब्याचं झाकण मी नीट लावलं नव्हतं, त्यात उंदरानं आपली पळण केलेली. कोंबड्यांना तीन दिवसांत झाडावर निजायची सवय लागली, त्या आता खुराड्यात जायलाच तयार नाहीत. संध्याकाळी मी फणसाखाली उभा राहून त्यांना हाका मारतो आणि त्या वरून माझ्याकडे बघतात, घरमालकानं भाडेकरूकडे बघावं तशा. मांजर तर पळणीला आलंच नव्हतं. पोत्यात घालताना ओरबाडून पळालं. देवाचा नियम मोडून तीन दिवस एकटंच गावात राहिलं, आणि आता आम्हालाच ओळख देत नाही.

आणि आडाळो! सुगंधाकाकीचा आडाळो आमच्या सामानात आला आणि आमचा तिच्याकडे गेला. तिनं आमच्या आडाळ्यावर नारळ खवायला घेतला आणि पाट डगमगून बोट कापून घेतलं. आपल्या आडाळ्याचा एक पाय आखूड आहे, तू त्याखाली करवंटीचा तुकडा ठेवायचीस, ते तिला कुठून ठाऊक. बोटाला चिंधी बांधून ती खळ्यात उभी राहिली आणि मला म्हणाली, "दीपू, तुमच्या घरातला एक तरी सरळ उभा रवता काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. बाबा ओट्यावरून तिच्याकडे बघत होते. ते हसले नाहीत.

हे सगळं किरकोळ आहे, मला कळतं. पण ताई, पळणीचे दिवस संपल्यावर माणसाला जी चिडचिड होते ना, ती मुंग्यांची किंवा पंपाची नसते. तीन दिवस कोणाला काही काम नसतं. माडाखाली विणलेल्या झावळ्यांच्या झापांची राहुटी, तीन दगडांची चूल, शेजारी शेजाऱ्याला बोलतो, ज्यांची कोर्टात केस चालू आहे तेही एकमेकांना विस्तव देतात. कुंपण नाही, बांध नाही, माझं-तुझं नाही. दत्ताराम एरवी कोणाला पेरूचं पान तोडू देत नाही, त्यानं आपणहून खाडीतली कालवं आणून सगळ्यांत वाटली. आणि चौथ्या दिवशी तोच माणूस गावात शिरल्या शिरल्या गडग्याचे दगड मोजायला लागला, कोणी हलवले तर नाहीत म्हणून. मलाही तसंच झालं. राहुटीत मी तीन दिवस एका जागी होतो, तरी पाय शिवशिवले नाहीत. घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी मनात येऊ लागलं, चला आता, कुठेतरी जाऊ. दत्तारामानं ओळखलं. म्हणाला, "काय रे, परत खंय पळतलंस? गावाची पळण चार-पाच वर्सांनी, तुजी दर म्हयन्याक."

खरंच आहे ते. तू गेलीस त्यानंतरच्या चार वर्षांत मी विजयदुर्गला जेटीवर रंगकाम केलं, मालवणात पर्यटकांच्या बोटीवर राहिलो, देवगडला आंब्याच्या पेट्या ठोकल्या, गोव्यात मासे कापले, आणि शेवटचे सात महिने कोल्हापुरात एका गॅरेजात होतो. एका ठिकाणी दुसरं वर्ष लागलं नाही. लोक समजतात मला फिरायची हौस आहे.

राहुटी कायतानकाकांच्या आगरात घातली होती, खाडीपलीकडे, दर वेळेसारखी. मागच्या पळणीला आपण तिघंही होतो तिथे, तू चुलीवर पेज उतू घालवलीस आणि बाबा म्हणाले होते की इतकी पेज जमिनीला पाजलीस, आता माडाला साखर धरेल. या वेळी आम्ही दोघंच. पण मी तुला काय सांगू, बाबा तिथे वेगळेच होते. घरी त्यांना ओट्यावरून खळ्यात उतरायला धाप लागते, पाय सुजलेत, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. तिथे रोज सकाळी स्वतः दाढी करत होते. पांढरा सदरा घालून साकवापाशी दगडावर बसायचे, आगराबाहेरच्या ओहोळावरचा तो छोटा पूल, जिथून फोंडाघाटाकडून येणारा रस्ता दिसतो. वाडीतली पोरं भोवती जमली की त्यांना थांबे म्हणून दाखवायचे, अजून तसाच खणखणीत आवाज. आचरा, कणकवली, फोंडाघाट. फोंडाघाट म्हटलं की हात वर करायचे आणि म्हणायचे, "गाडी धा मिन्टां थांबतली. कोणाक उतराचा आसा तेणी उतरा." आणि तिथेच थांबायचे. पोरं ओरडायची, आजोबा, पुढे राधानगरी, पुढे कोल्हापूर! ते पुढे जायचेच नाहीत. मला वाटलं, विसरले.

जेवताना ते तीन ताटं मांडायला लावायचे. तिसरं ताट मी आपला समजलो आईच्या नावाचं. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, पळणीत पितरांना वाढतात की नाही ते मला कोण सांगणार. रोज ते ताट कायतानकाका-आपोलिनाकाकीच्या कुत्र्याच्या पोटात जायचं. तो कुत्रा, लांब कानांचा, नाव त्याचं सिझर, पण सगळे शिजर म्हणतात. असो. चौथ्या दिवशी पलीकडून कौल झाल्याचं कळलं आणि सगळे धावले सामान बांधायला. बाबा साकवावरून उठेनात. मी हात धरून उठवलं तर म्हणाले, "इतक्यात कसो झालो? नीट इचारलानी काय?" मी म्हटलं, बाबा, उजवा कौल झालाय, सगळे निघाले. त्यांनी परत एकदा रस्त्याकडे बघितलं आणि पेटी उचलली.

मग हे ओट्यावर बसणं. पहिले दोन दिवस गावानं मस्करी केली. तिसऱ्या दिवशी सुगंधाकाकी हळू आवाजात म्हणाली, वय झाला रे, होता असा, तिच्या सासऱ्याचं पण झालं होतं, तो शेवटी शेवटी स्वतःच्या घरात चप्पल हातात घेऊन पाहुण्यासारखा बसायचा. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथली नर्स त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती तर त्यांनी तिला विचारलं, "बाय, घराक कधी जातंस गो तू?" ती म्हणाली, दर रविवारी जाते आजोबा. ते म्हणाले, "बरा करतंस." डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं. डोक्याचं काही बोलले नाहीत. छातीचं बोलले. हृदय मोठं झालंय, पाणी धरतंय. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की पुढच्या पळणीला त्यांना पायी नको, होडीनं नेऊ. डॉक्टर पण आपल्याकडचेच. म्हणाले, "पुढच्या पळणीचं पुढे बघू. आधी आपण शिमगा बघू."

तू नर्स आहेस. याचा अर्थ तुला मी सांगायला नको.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. तुला माहीत आहे तो दिवस, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण माझ्या बाजूनं कधी सांगितलं नाही. तुझ्या लग्नाला पाच दिवस होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, खळ्यात मांडव उभा होता. त्या लोकांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता की नर्सिंग वगैरे आता पुरे, आमच्याकडे बायका ड्युटीला जात नाहीत. तू रात्रभर झोपली नाहीस आणि सकाळी सगळ्यांत आधी मला सांगितलंस की मी हे लग्न करत नाही. मी काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, ताई, मी आहे तुझ्या बाजूनं, तू बोल, मी बाजूला उभा राहतो. आणि तू बाबांसमोर बोललीस तेव्हा मी शिडीवर होतो. मांडवाला दिव्यांची माळ बांधत होतो. खाली अख्खी वाडी जमली. बाबांनी दिलेला शब्द मोडत होता, आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात वर करून म्हटलं, "ह्या गावाच्या शिवेत परत पाय घातलंस, तर मी तुजो बापूस न्हय." तू एकदा वर बघितलंस, माझ्याकडे. मी माळेची गाठ मारत होतो. गाठ केव्हाच मारून झाली होती, ताई. मी तीच परत परत मारत होतो.

तू पिशवी घेऊन गेलीस. मी दुसऱ्या दिवशी विजयदुर्गची गाडी धरली. तेव्हापासून पळतोय.

परवा मी आपोलिनाकाकीकडे गेलो. मोबाइलचा चार्जर राहुटीत राहिला होता आणि तिचं एक भांडं आमच्याकडे आलं होतं. तिनं विचारलं, बापूस बरो आसा मां रे तुजो? मी म्हटलं, काकी, डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या, रोज विचारतात कौल झाला का म्हणून. ती नाताळाच्या करंज्या, त्यांच्या नेवऱ्या, तळत होती. तिनं झारा कढईवर आडवा ठेवला आणि म्हणाली, "डोक्या तेचा नाय गेला. तुजा गेलाहा." मग तिनं जे सांगितलं ते मी तुला तिच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत मला धीर होत नाही. पळणीच्या पहिल्या दिवशी बाबा तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "आपोलिना, एक ताट दी. आमी तीन जणां आसंव." तिनं विचारलं, तिसरा कोण? तर म्हणाले, "बाय येतली. मी दीपूकडसून निरोप धाडलंय. शिवेभायर इली तर माजो शब्द मोडणा नाय." काकीनं त्यांना विचारलं, मग चार वर्षं तुम्ही का गेला नाही फोंडाघाटला, एसटीचा पास आहे तुमच्याकडे, गाडी दारातून जाते. ते म्हणाले, "मी आपणहून गेलंय तर गाव म्हणतलो गुरुदास वाकलो. देवान भायर काढल्यान तर ता वाकणा न्हय." तीन दिवस तिनं त्यांना साकवावर बसलेलं बघितलं. मला वाटलं ते विसरतायत. सगळ्या गावात तेवढे एकटेच सगळं लक्षात ठेवून होते.

आणि निरोप. त्यांनी निरोप खरंच धाडला होता, ताई.

मी कोल्हापुरात गॅरेजात एका गाडीच्या खाली पडलेला होतो. बाबांचा फोन आला. ते फोन करत नाहीत कधी. म्हणाले, "पळण ठरली. तू ये. आणि बायक कळव, आमी तीन दिवस गावाभायर आसतलंव." ‘बाय’ हे तुझं घरातलं नाव त्यांच्या तोंडून चार वर्षांनी आलं होतं. मला जाणवलं ते. पण निरोप काय, तर आम्ही तीन दिवस गावाबाहेर असू. मला वाटलं, घर बंद असेल एवढंच सांगतायत. उगाच घाबरू नये, फोन लागला नाही तर. मी त्याच्यात दुसरं काही ऐकलंच नाही. ऐकायला हवं होतं. आचऱ्याचा झील, इथलाच पोरगा मी, शीव म्हणजे काय आणि भायर म्हणजे काय हे मला परक्यानं समजवावं लागलं.

तरी मी यायला निघालो तेव्हा ठरवलं होतं, तुला स्वतः जाऊन सांगायचं. अँजेलानं मागे एकदा पत्ता लिहून दिला होता, बाजारातून वर, भाताच्या गिरणीच्या मागे, निळ्या दाराची खोली. फोंडाघाटला गाडी थांबली. दहा मिनिटं. मी उतरलो. अर्ध्या बाजारापर्यंत आलोसुद्धा. तिथे एका दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा दशावतारी कंपनीची पायपेटी दुरुस्त करत बसला होता. पेटीचा भाता उंदरानं खाल्लेला. तो बकऱ्याच्या कातड्याचे तुकडे कापून एकेक चिकटवत होता, आणि मध्येच भाता दाबला की नुसता श्वास यायचा, सूर नाही. मी उभा राहिलो बघत. त्यानं मला सांगितलं, कातडं ओलं असताना ओढलं तर पुढे फाटतं, सुकायला वेळ द्यायचा. मग त्यानं एक पट्टी दाबली आणि सूर आला. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. गिरणी समोर दिसत होती, ताई. तिचा पट्टा फिरताना दिसत होता. मी धावत गाडीत चढलो. म्हटलं, घरी जाऊन फोन करतो. तो कोणाकडे लागला ते वर लिहिलंय.

मी स्वतःला सांगत आलो की पेटीत गुंतलो. ते खोटं आहे. तू दार उघडलं असतंस आणि माझ्याकडे बघितलं असतंस, त्या दिवशी खालून वर बघितलंस तशी. मी परत शिडीवरच राहिलो.

काकीकडून परत आलो तेव्हा बाबा ओट्यावर होते. मी त्यांना काही बोललो नाही. माफी मागायची तर निरोप पोचला नाही हे सांगावं लागलं असतं, आणि चार वर्षांनी वाकण्यासाठी त्यांनी शोधलेली एकुलती एक वाट मी घालवली हे कोणत्या तोंडानं सांगू? पण निरोप पोचूनही तू आली नाहीस असं ते धरून बसलेत, तेही सहन होईना. एक पूर्ण दिवस मी नुसती कामं केली. मुंग्यांना हळद घातली. पंपाचा वॉशर बदलला. आडाळ्याच्या पायाला लाकडाचा तुकडा ठोकला, आता तो डगमगत नाही, सुगंधाकाकीला नेऊन दाखवला. कोंबड्या अजून झाडावरच आहेत.

आज सकाळी बाबांनी तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं, आणि विचारलं, "कौल झालो काय रे खरो?"

मी म्हटलं, "नाय झालो, बाबा. आमी चुकान इलंव."

बोलून गेलो खरा. देवाच्या कौलाबद्दल आपल्या गावात कोणी खोटं बोललेलं मी ऐकलेलं नाही. दारू पिणारेसुद्धा बोलत नाहीत. बाबांनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं ज्यानं गाडीत तिकीट नसलेला माणूस नुसत्या मानेवरून ओळखला, त्याला हे कळलं नसेल असं मी समजत नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "बारा दिवस मी तुका दुसरा काय सांगतंय?" आणि स्वतः पेटी उचलली. मी घ्यायला गेलो तर दिली नाही.

होडीपर्यंत आम्ही तीनदा बसत बसत गेलो. दत्ताराम गडग्यावर उभा होता. ओरडला, "आता खंय चललास? पळण संपली!" बाबा न थांबता म्हणाले, "तुमची संपली." खाडीत निम्म्यावर आल्यावर मी देवळाच्या दिशेनं तोंड करून गाऱ्हाणं घातलं, मनातल्या मनात. महाराजा, खोटं मी बोललो, त्यात म्हाताऱ्याचा दोष नाही, धरायचं तर मला धर. होय महाराजा म्हणणारं सोबत कोणी नव्हतं. बाबा पेटीवर बसून पलीकडच्या काठाकडे बघत होते. पण मी हात जोडले तेव्हा त्यांचे पण ओठ हलले, तेवढं मी बघितलं.

तर हे पत्र मी कायतानकाकांच्या आगरातून लिहितोय. त्यांनी लगेच चार बांबू आणून दिले. दुपारपर्यंत राहुटी उभी केली. अँजेला सांगत होती की दर नाताळाला ती तुला घरी चल म्हणते आणि तू येत नाहीस, कारण इथल्या अंगणातून आपले माड दिसतात. म्हणून मी झाप त्या बाजूला लावलेत, दोन पदरी. इकडे बसलं की फक्त रस्ता दिसतो. तुला शीव ओलांडायला नको, बघायलाही नको. आणि मी कुठे जाणार नाही. गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं की येत नाही, त्यानं शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. तू येशील तेव्हा मी साकवापाशी, खाली जमिनीवर उभा असेन. तुला मला काय बोलायचं असेल ते बोल, किंवा काहीच बोलू नको. तुझा राग बाबांवर असेल, माझ्यावर असेल, तो चार वर्षांचा आहे, तो सुकायला वेळ लागेल हे मला समजतं. मी ओढणार नाही. पण डॉक्टर शिमग्याचं म्हणाले, ताई. कायतानकाका उद्या तुझ्यासमोर बसलेले असतील. गाडी फोंडाघाटला दहा मिनिटं थांबते. बाबांनी आताच काकीकडून तिसरं ताट मागून आणलं आणि धुऊन चुलीपाशी पालथं घातलं. मला विचारलं, काय लिवतंस इतक्या? मी म्हटलं, ताईला कळवतोय. काय कळवतंस, म्हणाले. मी सांगितलं, तुम्ही सांगितलं होतं तेच. त्यांनी मान हलवली. "तितक्याच लिव," म्हणाले, "तिका समाजतला." मी एवढं सगळं लिहिलं, कारण मला तेवढ्यावरून समजलं नव्हतं. आता त्यांचा निरोप देतो, जसाच्या तसा, उशिरा का होईना. बाय, आमी गावाभायर आसंव.

तुझाच,
दीपू